मदत हवी आहे : गॅट करारातील कलम २० आणि सक्तीची मजुरी

नमस्कार. मी कोल्हापुरात एलएल.एम. करत असून, कळंबा कारागृहातील बंदिवानांनी विणलेली सतरंजी विकत घेताना पडलेला प्रश्न आता माझ्या प्रबंधिकेचा विषय झाला आहे. गॅट १९४७ या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या कलम २० (ई) नुसार तुरुंगातील श्रमांतून बनलेल्या मालाची आयात रोखता येते; वेठबिगारी वा बालमजुरीचा तिथे उल्लेखही नाही. मग कलम २० (अ) मधील ‘सार्वजनिक नीतिमत्ता’ हा अपवाद त्यांना लागू पडेल का? २०१४ मध्ये सील या सागरी प्राण्यापासून बनलेल्या उत्पादनांवर युरोपीय संघाने घातलेल्या बंदीच्या वादात जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने प्राणिकल्याणाची काळजी तत्त्वतः त्यात बसवली, जरी भेदभावाच्या कसोटीवर बंदीचे ते नियम अडले. (सीलला जे मिळते ते मागावर बसलेल्या पोराला मिळू नये, हे मला तरी पटत नाही.) उलट, याच संघटनेच्या १९९६ च्या सिंगापूर जाहीरनाम्याने कामगार मानकांचा विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे सोपवला. या दोहोंची सांगड घालणारे लेखन, शक्यतो मराठीतील, कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.