रात्रपाळी आणि कर्करोग: अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी का?

प्रश्न (निशांत_वाचक): जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला ‘२अ’ गटात, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले आणि २०१९ च्या फेरविचारातही रात्रपाळी तिथेच ठेवली. मधल्या काळात, २०१६ मध्ये, ब्रिटनमधील लाखो स्त्रियांच्या माहितीत मात्र स्तनाच्या कर्करोगाशी काहीच संबंध दिसला नाही. यांतले ग्राह्य कोणते?

उत्तर (आकडेमोड): ‘२अ’ हा गट पुराव्याचे वजन सांगतो, धोक्याचा आकार नव्हे, वर्तमानपत्रांचे मथळे नेमके इथेच घसरतात. खरी अडचण रात्रपाळी मोजायची कशी, ही आहे. अमेरिकेतील परिचारिकांना १९८८ मध्ये विचारले गेले की, दिवसाच्या आणि संध्याकाळच्या पाळ्यांबरोबर महिन्यातून किमान तीन रात्री, अशी फिरती पाळी तुम्ही एकूण किती वर्षे केली. या उत्तरांवरून २००१ मध्ये, तीस वा अधिक वर्षे अशी पाळी केलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका, ती कधीच न केलेल्यांपेक्षा सुमारे ३६ टक्के जास्त आढळला. पण जी कायम रात्रीच काम करत होती, तिने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? तिने ‘शून्य वर्षे’ लिहिले असेल, तर तुलनेचा पायाच डळमळतो.

उत्तर (पेशीविचार): प्राण्यांमधला पुरावा पुरेसा आणि कर्करोग कसा घडतो या कार्यपद्धतीविषयीचा भक्कम, असे २०१९ च्या फेरविचारात ठरले, माणसांतला मात्र ‘मर्यादित’च राहिला. रात्री डोळ्यांवर पडणारा प्रकाश मेंदूतल्या मुख्य घड्याळापर्यंत पोहोचतो आणि मेलाटोनिन या रात्री स्रवणाऱ्या संप्रेरकाचे स्रवणे दबते, एवढे पक्के आहे. तिथून कर्करोगाच्या गाठीपर्यंतची साखळी माणसात जोडणे कठीण आहे.

निशांत_वाचक: मग ब्रिटनमध्ये संबंध का दिसला नाही?

उत्तर (आकडेमोड): ती माहिती एकाहून अधिक गटांची होती; त्यातल्या सर्वांत मोठ्या गटातील बहुतेक स्त्रियांनी साठी ओलांडली होती आणि अनेकींची रात्रपाळी केव्हाच संपली होती. काम थांबल्यावर धोका ओसरत असेल, तर तो तिथे दिसणारच नाही. अमेरिकेतील परिचारिकांच्या २०१७ च्या विश्लेषणात तरुण गटात, अभ्यासाच्या आरंभीच वीस वा अधिक वर्षे फिरती पाळी झालेल्यांत, धोका सुमारे दुप्पट निघाला आणि वयस्कर गटात निघाला नाही. हे त्या तर्काशी जुळते, मात्र दुप्पट या आकड्याची अनिश्चितता बरीच मोठी आहे. आठवणीऐवजी पगाराच्या नोंदींवरून पाळ्या मोजण्याचा प्रयत्न डेन्मार्कमध्ये झाला आणि त्यात संबंध आढळला नाही, पण त्या नोंदी २००७ पासूनच्याच असल्याने दीर्घकाळाच्या रात्रपाळीबद्दल त्यावरून काही ठरवता येत नाही.