ह्यूस्टन: वस्तीसाठी झटणाऱ्या बाईंना नक्की काय मदत करावी?

बायूकाठचा
ऑगस्ट २०१७ ला हार्वे वादळ आलं तेव्हा मी इथे नवीनच होतो. ह्यूस्टनच्या काश्मीर गार्डन्स वस्तीत चिखल उपसायला गेलो तिथे एक ब्लॅक बाई भेटल्या, साठीच्या, चर्चच्या हॉलमधून सगळं चालवत होत्या, कुणाकडे ऑक्सिजन मशीन आहे, कोणाला चालवत नाही, कुणाला फक्त स्पॅनिश येतं, सगळं तोंडपाठ. २०२१ च्या थंडीत वीज गेली तेव्हा, मागे बेरिल वादळाच्या वेळी, पुन्हा त्याच धावल्या. पगार शून्य. आम्ही आठ-दहा मराठी घरांनी पैसे जमवलेत. कुणी म्हणतं जनरेटर द्या, कुणी म्हणतं त्यांना लीडरशिप ट्रेनिंगला पाठवा. ट्रेनिंगचं मला पटत नाही, त्याच आपल्याला शिकवतील. काय करू?

नदीपल्याड
ट्रेनिंग नकोच. खरी अडचण पैसा कसा येतो त्यात आहे. सरकारी ग्रांट बरेचदा आधी खर्च करा मग बिलं लावा अशी असते, वर फेमाच्या (केंद्राचं आपत्ती खातं) पूर टाळायच्या योजनांत साधारण २५ टक्के वाटा आपण घालायचा, तो चर्चच्या हॉलमधून कोण घालणार? आणि मदत घराच्या किमतीवरून मोजली की गरीब वस्ती मागेच राहते. कट्रिना वादळानंतर लुइझियानात घरं पुन्हा उभारायच्या रोड होम योजनेत हेच झालं, घराची वादळाआधीची किंमत धरली, त्यामुळे नुकसान तेवढंच असून ब्लॅक वस्त्यांत पैसे कमी. आपल्याकडे टेक्सासात तर २०२१ ला राज्याने हार्वेनंतरचा, पुढचे पूर टाळायचा निधी वाटला त्यात ह्यूस्टन शहराला पहिल्या फेरीत काहीच नाही, पुढच्या वर्षी केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने हा भेदभाव आहे असं स्पष्ट सांगितलं. तुमचे पैसे अटी न घालता आणि आधी द्या. संस्था रजिस्टर नसेल तर एखाद्या रजिस्टर्ड संस्थेमार्फत देता येतात.

लातूरची लेक
१९९३ च्या भूकंपानंतर आमच्याकडे गावोगाव बायकांना संवाद सहायक नेमलं होतं, घरदुरुस्तीचं सरकारचं म्हणणं गावाला आणि गावाचं सरकारला सांगायचं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं काम त्यातूनच वाढलं. माझी मावशी होती त्यात. ती म्हणते साहेब लोक ऐकायला लागले कारण हातात नेमणुकीचा कागद होता. तुमच्या बाईंना शहराच्या मीटिंगमध्ये खुर्ची मिळते का ते बघा, पैशाइतकंच ते महत्त्वाचं आहे.

दिवाणखाना
टेक्सास सदर्न युनिव्हर्सिटीत रॉबर्ट बुलार्ड यांचं सेंटर आहे, ह्यूस्टनचे बहुतेक कचराडेपो ब्लॅक वस्त्यांत कसे टाकले हे त्यांनी १९७९ पासून मांडलंय. तिथे विचारा. पण आधी बाईंनाच विचारलंत का?

बायूकाठचा
नव्हतं विचारलं, आत्ता फोन केला. जनरेटर दोन आहेत म्हणाल्या. वस्तीतल्याच दोन मुली हाताखाली हव्यात, पगारावर, निदान जून ते नोव्हेंबर या वादळांच्या हंगामात, म्हणजे डोक्यात आहे ते त्यांना देता येईल. रविवारी जातोय हिशोब घेऊन.