विश्वकोशातील लेखांवर वारंवार होणारा उत्पात कसा हाताळावा?

दादरची वाचक

नमस्कार. मी गेले काही महिने मराठी विकिपीडियावरील मुंबईच्या रेल्वेविषयीच्या लेखांची जमेल तशी डागडुजी करते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीच्या परिच्छेदात कोणीतरी १८५३ चे १८३५ केले, ३४ किलोमीटरचे ४३ केले आणि शेवटी एक अर्वाच्य ओळ टाकली. ती ओळ मी पाहताक्षणी काढली. आकड्यांकडे मात्र लक्ष गेले ते चार दिवसांनी, भाच्याने तो परिच्छेद शाळेच्या प्रकल्पवहीत उतरवून घेतल्यावर. बदल करणारा खाते न उघडता येतो आणि त्याचा अंकपत्ता (आयपी ॲड्रेस) दर वेळी वेगळा असतो. अशा वेळी नेमके काय करावे?

गिरगावकर

आपण शेवटचा बदल उलटवून तिथेच थांबलात, असे दिसते. मीही पूर्वी हेच करत असे. असे लोक एकाच लेखात लागोपाठ तीन-चार बदल करतात, आणि वरची शिवी काढल्याच्या समाधानात आपण खालचे आकडे तसेच सोडतो. म्हणून ‘इतिहास’ उघडून, त्याने हात लावण्यापूर्वीची आवृत्ती आणि आजची आवृत्ती यांतला फरक पाहावा आणि जुनी आवृत्तीच संपादनासाठी उघडून जतन करावी. मधल्या काळात कोणी शुद्धलेखन सुधारले असेल, तर तेवढे पुन्हा हाताने घालावे लागते. काम कंटाळवाणे आहे, पण दुसऱ्याचे श्रम पुसणे बरे नव्हे. मग त्या अंकपत्त्याचे ‘योगदान’, म्हणजे त्यावरून झालेल्या सर्व बदलांची यादी, पाहावे, कारण हा गृहस्थ एकाच लेखावर क्वचितच थांबतो.

शिवी वाचकाला दिसते, खोटा मजकूर दिसत नाही. २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर जॉन सीगेंथेलर या पत्रकाराच्या चरित्रात केनेडी बंधूंच्या हत्येशी त्यांचा संबंध जोडणारा धादांत खोटा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला होता. त्यानंतर तिथे खाते नसलेल्यांना नवीन लेख सुरू करण्यास बंदी झाली.

ठाण्याहून

वरील सल्ला योग्यच आहे, परंतु प्रत्येक चुकीच्या बदलाला उत्पात म्हणू नये. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. जुन्या सवयीने कोणी लेखात पुन्हा एल्फिन्स्टन लिहिले, तर तो बहुधा रोजचा प्रवासी असतो, उपद्रवी नव्हे. त्याला चर्चापानावर संदर्भासह दोन ओळी लिहिल्या की पुरते. आकडे मुद्दाम उलटे करणाऱ्याशी मात्र वाद घालत बसू नये, कारण त्याला तेवढेच हवे असते.

अंकपत्ता सतत बदलत असेल, तर तो रोखून फारसा उपयोग होत नाही; मोबाईल इंटरनेटवर एकच पत्ता अनेकांच्या वाट्याला येतो आणि निरपराध माणसेही अडकतात. त्याऐवजी लेख काही दिवस अर्धसुरक्षित करण्याची, म्हणजे खाते नसलेल्यांना आणि अगदी नव्या खात्यांना त्यात बदल करता येऊ नये अशी सोय करण्याची, विनंती प्रचालकांना (विशेष अधिकार असलेल्या सदस्यांना) करावी. तिच्यात तक्रारीचा पाल्हाळ न लावता बदलांचे दुवे द्यावेत.

दादरची वाचक

दोघांचेही आभार. योगदान पाहिले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या लेखातही जागतिक वारसा यादीचे वर्ष २००४ ऐवजी २०१४ केलेले सापडले. दोन्ही लेख पूर्ववत केले असून दुवे प्रचालकांना दिले आहेत. भाच्याच्या वहीत अजून ४३ किलोमीटरच आहे; ते आज संध्याकाळी त्याच्याकडून खोडून घेईन.