मदत हवी आहे: लाईट बिल तिप्पट आलंय, शुक्रवारनंतर लाईन कापतील (अहीहीक, मेक्सिको)

तळ्याकाठी:
नमस्कार मंडळी, तातडीने मदत हवी आहे. यावेळचं लाईट बिल जवळजवळ सहा हजार पेसो आलंय. मागचं दोन हजार आलं तेव्हाच मी ह्यांना म्हणत होते काहीतरी गडबड आहे म्हणून. घरात आम्ही दोघंच, नवीन काही घेतलेलं नाही, दिवे सगळे एलईडी, टीव्ही संध्याकाळी तेवढा. बिलावर लाईन कापायची तारीख शुक्रवारनंतरची छापलीये. ऑफिसात जाऊन आलो, खिडकीवरच्या मुलीने बिलावर एका शब्दाला गोल केला आणि भराभर काहीतरी सांगितलं, आमचं स्पॅनिश बाजारहाट करण्यापुरतं, काही कळलं नाही. मला एवढंच सांगा, बिल भरू की तक्रार करू? आणि मीटर बदलून मागता येतं का? कृपया लवकर.

ग्वादालाहाराकर:
ताई, गोल केलेला शब्द कुठला ते तर लिहा! 'डीएसी' आहे का? बिलाच्या मागच्या बाजूला जुन्या युनिटांचा तक्ता असतो तोही इथे टाका. घर स्वतःचं की भाड्याचं? किती दिवसांपासून राहताय?

निवृत्तीच्या_वाटेवर:
ताई तुम्ही अहीहीकला राहता हे वाचून फार आनंद झाला. आम्हीही दोन वर्षांत रिटायर होतोय, न्यू जर्सीत परवडणार नाही म्हणून चपाला तळ्याचं खूप ऐकलंय. दोन बेडरूमला भाडं किती पडतं? शाकाहारी माणसाचं भागतं का तिथे?

सौरमित्र:
मी केरेतारोला राहतो, आमच्याकडेही हीच कहाणी होती. सरळ छतावर पॅनेल टाका, दोन्ही बाजूंनी मोजणारं मीटर बसवून देतात, दिवसा तयार झालेली वीज खात्यात जमा होते. आता आमचं बिल नावापुरतं येतं. उगाच कारणं शोधत बसू नका, ऊन तिथे भरपूर आहे.

तळ्याकाठी:
हो, डीएसीच आहे. त्याचा अर्थ काय? घर भाड्याचं आहे, मालक कॅनडात असतो, हिवाळ्यात येतो. मागचे आकडे जुन्यापासून नव्यापर्यंत: ३२०, ३५५, ४१०, ५२०, ६५५, ८१०. एका बिलात दोन महिने. पहिले दोन आमच्या आधीच्या भाडेकरूचे असावेत. सोलरचं सगळेच सांगतात हो, पण घर आमचं नाही आणि शुक्रवार जवळ आलाय.

ग्वादालाहाराकर:
आता कळलं. सांगतो नीट. सीएफईचा, म्हणजे इथल्या सरकारी वीज कंपनीचा, घरगुती दर आपल्या भागात 'तारिफा १' असतो. त्यात महिन्याची पहिली ७५ युनिटं अगदी स्वस्त, पुढची ६५ थोडी महाग, आणि १४० च्या वर गेलं की प्रत्येक युनिट चांगलंच महाग. हे सगळं सरकारी अनुदान धरून, अनुदान किती मिळालं तेही बिलावर छापतात. पण मागच्या १२ महिन्यांची सरासरी महिन्याला २५० युनिटांच्या वर गेली की तुम्ही डीएसीत, म्हणजे जास्त वापरवाल्यांच्या दरात जाता. तिथे अनुदान बंद, पहिल्या युनिटापासून पूर्ण दर, शिवाय महिन्याचा स्थिर आकार. तुमची बेरीज ३०७० होते. हद्द ३००० ची. म्हणजे तुम्ही जेमतेम ७० युनिटांनी पलीकडे गेलात, आणि म्हणून दोन हजाराचे एकदम सहा हजार दिसतात. मीटरला दोष द्यायच्या आधी ३२० चे ८१० कसे झाले ते शोधा, कारण ते एका महिन्यात झालेलं नाही, हळूहळू चढत गेलंय.

बिल मात्र भरून टाका. इथे तारीख उलटली की खरंच कापतात आणि परत जोडायचे वेगळे पैसे. ऑक्सोच्या दुकानात रोख भरता येतं. एकरकमी जड जात असेल तर ऑफिसात हप्ते विचारा.

मेधा_ह्यूस्टन:
एसी आहे का? आमच्याकडे उन्हाळ्यात बिल असंच चढतं.

ग्वादालाहाराकर:
मेधाताई, तळं समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे, हवा आपल्या पाचगणीसारखी. एप्रिल-मेचे थोडे दिवस उकडतं, जूनच्या मध्याला पाऊस लागला की पुन्हा गार. बहुतेक घरांत एसी नसतोच.

घरचा_वायरमन:
माझा प्रश्न वेगळा आहे. काकू, भारतातून आणलेलं काही वापरता का? मेक्सिकोत १२७ व्होल्ट, आपल्याकडे २३०. मिक्सर ट्रान्सफॉर्मरवर चालवत असाल आणि तो ट्रान्सफॉर्मर दिवसरात्र प्लगला असेल तर चोर तोच. हात लावून बघा, गरम लागेल.

तळ्याकाठी:
अहो हो, पुण्याहून आणलेला मिक्सर आहे आणि ट्रान्सफॉर्मर ओट्याखाली कायम लावलेला असतो. कोमट लागतो हाताला. काढून ठेवला. एसी नाही. दोन पंखे.

पंपवाला_सांगली:
ट्रान्सफॉर्मर रिकामा चालून किती खाणार? दहावीस वॉट धरा, दोन महिन्यांत पंधरा ते तीस युनिटं. इथे वाढ झालीये पाचशेची. मूळ प्रश्न कुणीच विचारला नाही. घरात पाणी कसं येतं? छतावरच्या टाकीतून की प्रेशर पंपाने?

घरचा_वायरमन:
तीस युनिटं म्हणजे काहीच नाहीत का? हद्द फक्त सत्तरने ओलांडली आहे, वर्षाचे हिशेब लावले तर एकट्या ट्रान्सफॉर्मरनेच डीएसीत ढकललं असेल. माझा मुद्दा चुकीचा नाही.

पंपवाला_सांगली:
मुद्दा बरोबर, पण ट्रान्सफॉर्मर पहिल्या दिवसापासून सारखाच खातोय, चढत गेलेला आकडा त्याने होत नाही. चढतं कोण ते बघायचंय.

तळ्याकाठी:
पाणी: अंगणात जमिनीखाली मोठी टाकी आहे, इथे अल्हिबे म्हणतात, त्यात पालिकेचं पाणी पडतं. मग पंप आणि निळी गोल टाकी, तिथून घरात. नळ उघडला की पंप सुरू होतो, फोर्स छान असतो. छतावरही काळी टाकी आहे पण ती बंद करून ठेवलीये. पण पंप तर आधीपासूनच आहे, त्याचा काय संबंध?

पंपवाला_सांगली:
सगळा संबंध तिथेच आहे ताई! मी किर्लोस्करवाडीला पंपातच आयुष्य काढलंय. रात्री सगळे नळ बंद करून पंपाजवळ उभे राहा. कोणी पाणी वापरत नसताना पंप आपोआप सुरू होतो का? एक एचपीचा पंप तासभर चालला तर साधारण एक युनिट जातं. तासात दहा मिनिटं जरी चालला तरी दिवसाला चार युनिटं आणि दोन महिन्यांत अडीचशेच्या घरात. आणि निळ्या टाकीवर जो दाबाचा काटा असतो तो कुठून कुठे फिरतो तेही लिहा. माझा अंदाज, टाकीत दाब धरून ठेवणारी हवा असते ती गेलीये.

सौरमित्र:
पॅनेल असते तर पंप चालला काय नि न चालला काय.

ग्वादालाहाराकर:
सौरमित्र, भोक पडलेल्या टाकीत पाणी ओतत राहायचं का? आधी गळती बंद होऊ दे. आणि भाड्याच्या घरावर मालकाच्या सहीशिवाय काही होणार नाही.

निवृत्तीच्या_वाटेवर:
माझ्या प्रश्नाचं कुणी बघेल का? व्हिसाचंही विचारायचं होतं.

मेधा_ह्यूस्टन:
दादा, भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर १८० दिवसांपर्यंत नुसतं फिरायला जाता येतं. राहायचं असेल तर रेसिदेंते तेंपोरालचा, म्हणजे तात्पुरत्या रहिवाशाचा, व्हिसा मेक्सिकोच्या बाहेरच्या वकिलातीतून घ्यायचा, आणि तिथे उतरल्यापासून ३० दिवसांत कार्डासाठी इमिग्रेशनला जायचं. पहिलं कार्ड एक वर्षाचं. पर्मनंट झालात तर अमेरिकन नंबरची गाडी ठेवता येत नाही, हे लोकांना उशिरा कळतं. ताई, तुमची गाडी कुठल्या नंबरची आहे?

तळ्याकाठी:
गाडी आम्ही इथेच घेतली, तो प्रश्न नाही. रात्री हे टॉर्च घेऊन पंपाच्या खड्ड्याशी बसले होते. सगळे नळ बंद. थोड्याथोड्या वेळाने पंप खाड्कन सुरू, मिनिटभर घरघर, खाड्कन बंद. काटा ४० वरून हळूहळू २० ला येतो आणि तिथे पंप लागतो. झाकण उचललं तर आत विंचू बसलेला, फिकट पिवळा. मला आता पंपापेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटतेय.

पिटुकली:
विंचवाला हलक्यात घेऊ नका हं. आमच्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनच्या गोळीने किती जीव वाचवले, पद्मश्री मिळाली त्यांना. ती गोळी घरात ठेवा.

ग्वादालाहाराकर:
पिटुकलीताई, डॉक्टरांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, कोकणातला लाल विंचू वेगळा आणि इथला वेगळा. इथे प्रतिविष देतात आणि इथल्या डॉक्टरांना ते सवयीचं आहे. चावलाच तर घरी गोळ्या घेत न बसता लगेच चपालाच्या क्रुझ रोहात, म्हणजे रेड क्रॉसमध्ये, किंवा जवळच्या दवाखान्यात जायचं. चपला झटकून घाला, आणि खड्ड्यात हात घालताना जाड हातमोजे.

पंपवाला_सांगली:
४० वरून २० ला हळूहळू येतो म्हणालात म्हणजे टाकीत हवा आहे, माझा पहिला अंदाज सोडून द्या. हवा गेली असती तर काटा धाड्कन पडला असता. पाणी कुठेतरी निघून चाललंय. आता एक करा. निळ्या टाकीतून घराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि काटा बघत बसा. तरीही उतरला तर पाणी उलटं जमिनीखालच्या टाकीत जातंय, म्हणजे एनआरव्ही, पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, खराब. काटा जागेवर राहिला तर गळती घरात आहे, आणि घरात म्हणजे दहातल्या नऊ वेळा संडासाची फ्लशची टाकी.

घरचा_वायरमन:
जमिनीखालचा पाइपही फुटलेला असू शकतो, तो दिसतही नाही. फरशी उचलावी लागेल.

पंपवाला_सांगली:
फरशीपर्यंत जाऊ नका हो एकदम, माणसं घाबरतात. आधी फ्लश. टाकीत खायचा रंग टाका, वीस मिनिटं कुणी फ्लश करायचं नाही. खाली भांड्यात रंग उतरला की टाकीतलं पाणी अडवणारं रबर गेलं.

तळ्याकाठी:
सापडलं!! व्हॉल्व्ह बंद केल्यावर काटा ४० ला गच्च थांबला. मग दिवाळीला जिलबीसाठी आणलेला केशरी रंग होता तो तिन्ही फ्लशच्या टाक्यांत टाकला. आमच्या दोन्ही बाथरूममध्ये काही नाही. मागच्या पाहुण्यांच्या खोलीत कुणी जातच नाही, तिथल्या भांड्यात पाच मिनिटांत केशरी रेघ उतरायला लागली. आवाज काहीच नाही, पाणी काचेसारखं चिकटून खाली जातं, नुसतं बघून कधीच कळलं नसतं. टाकीचं झाकण काढलं तर रबरावर आणि त्याच्या बसायच्या कडेवर पांढरा खरखरीत थर, नखाने निघेना. खोलीचा नळ बंद केला आणि काल रात्री पंप एकदाही वाजला नाही. पंपवाले दादा, तुम्हाला मनापासून धन्यवाद. आता ते रबर कुठे मिळेल, आणि दुकानात काय म्हणून मागायचं?

ग्वादालाहाराकर:
वा! फेरेतेरियात, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात, जाऊन 'सापो' मागा, कुणीही देईल, जुनं रबर बरोबर न्या म्हणजे माप चुकणार नाही. तो पांढरा थर इथल्या जड पाण्याचा, सारो म्हणतात. व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून कडेवर रात्रभर ठेवा, मग घासा, नाहीतर नवं रबरही नीट बसणार नाही. आणि बिलाचा हिशेब करून दिला: पुढचं बिल ३०० युनिटांचं आलं तर बारा महिन्यांची बेरीज ३०५०, अजून डीएसीतच. त्याच्या पुढचंही ३०० आलं तर २९९५, तिथे सुटाल. म्हणजे आणखी एक बिल महाग दराचं येईल, पण युनिटं कमी म्हणून रक्कम निम्म्याहून खाली असेल. दुसऱ्या बिलात हात आखडता ठेवा कारण फरक फक्त पाच युनिटांचा आहे, ट्रान्सफॉर्मर काढलेलाच राहू द्या.

घरचा_वायरमन:
तेच मी म्हणत होतो.

मेधा_ह्यूस्टन:
वाढीव बिलाचे पैसे मालकाकडून मागा ताई. फ्लशचं रबर ही मालकाची जबाबदारी. तो केशरी रंग उतरल्याचा फोटो पाठवा.

तळ्याकाठी:
फोटो पाठवला, अर्धे देतो म्हणालाय, भाड्यातून वजा करणार. बिल काल ऑक्सोत भरलं. न्यू जर्सीच्या दादांना: भाड्याचं वेगळा धागा काढा, सविस्तर लिहीन. शाकाहारी म्हणाल तर काही अडचण नाही. अहीहीकच्या बुधवारच्या बाजारात, तियांगिस म्हणतात, मेथी सोडून जवळजवळ सगळं दिसतं. लेंतेहा म्हणजे आपली मसूर, पिलोन्सियो म्हणजे गुळाच्या ढेपा, अंबाडीची लाल बोंडं वाळवलेली ढिगाने, आणि राजगिऱ्याची वडी तर आपल्याकडच्यासारखीच, राजगिरा मूळचा इथलाच. तूरडाळ आम्ही अमेरिकेतून आणतो.

निवृत्तीच्या_वाटेवर:
फार आभार ताई! धागा आजच काढतो. पण घर बघताना मग पंपाचं काय विचारायचं?

पंपवाला_सांगली:
छतावरची टाकी चालू आहे का ते विचारा. ती भरली की पाणी आपल्या वजनाने खाली येतं, पंप दिवसातून एकदोनदाच लागतो आणि लाईट गेली तरी आंघोळ अडत नाही. फोर्स थोडा कमी मिळतो इतकंच. ताई, तुमचीही बंद ठेवलेली टाकी साफ करून जोडून घ्या, मालकाला आत्ताच सांगा, तो अर्धे पैसे द्यायला तयार आहे तोवर.

सौरमित्र:
आणि मालक हिवाळ्यात येईल तेव्हा पॅनेलचंही त्याच्या कानावर घाला. घर त्याचं, फायदाही त्याचाच.