मोटर चालू केली की उतारावरचा ठोकळा का सरकतो?

यंत्रवेडा: स्टीलची प्लेट 10 अंशांनी तिरकी, वर स्टीलचाच ठोकळा. घर्षणगुणांक 0.3, कोन वाढवत नेला तर 17 अंशांच्या आसपास घसरतो. म्हणजे 10 अंशांवर तो बसून राहायला हवा, आणि राहतोही. पण प्लेटवरची 3000 आरपीएमची मोटर चालू केली की हळूहळू खाली सरकतो. प्लेटचा प्रवेग जेमतेम 0.2 जी (जी म्हणजे गुरुत्वाचा प्रवेग), त्यामुळे ठोकळा उचलला जात नसणार. मग कंपनाने घर्षणगुणांकच कमी होतो का?

लेथवाला: गुणांक तोच राहतो. हिशोब बघा. घर्षण जास्तीत जास्त 0.3 × कॉस 10 = 0.295 जी तोलू शकतं, उताराची ओढ 0.174 जी. शिल्लक फक्त 0.12 जी. उताराच्या दिशेतलं कंपन याच्या वर गेलं की दर फेरीत ठोकळा थोडा खाली घसरतो. उलट वर घसरायला 0.47 जी लागतो, तो मिळतच नाही. म्हणून सरकणं एकाच बाजूला साचत जातं. 3000 आरपीएम म्हणजे सेकंदाला 50 फेऱ्या, 50 हर्ट्झ. त्या वेगाला 0.12 जी म्हणजे अवघे 12 मायक्रॉन, बोटाला जेमतेम जाणवतील एवढे.

बाकी दिशांना मर्यादा वेगळ्या: उताराला आडवं कंपन 0.24 जी, प्लेटला लंब 0.41 जी. तुमच्या 0.2 जीला ठोकळा हलतोय, तर कंपन उताराच्या दिशेने आहे हे नक्की.

कंपनमापक: मोटरचा शाफ्ट उताराला आडवा बसवलेला दिसतोय. मोटरच्या फिरत्या भागाच्या असंतुलनाचा जोर शाफ्टला काटकोनातल्या प्रतलात फिरतो. मोटर वळवून शाफ्ट उताराच्या दिशेत घ्या. मग जोर आडवा आणि लंब एवढाच उरतो, आणि 0.2 जीला ठोकळा जागेवर राहतो. मर्यादेपर्यंतचा फरक मात्र थोडाच आहे, प्लेटवर तेल असेल तर हा हिशोब चालणार नाही.

मोटरखाली रबर घालणार असाल तर कडक पट्टी नको. बसवणीची स्वतःची वारंवारता (रबरावर मोटर आपोआप ज्या गतीने डोलते ती) 50 हर्ट्झच्या जवळ आली की कंपन उलट वाढतं. ती 17 हर्ट्झच्या आसपास हवी, म्हणजे मोटरच्या वजनाने रबर निदान 0.9 मिमी दबलं पाहिजे. हलत्या भाराला रबर जास्त ताठ वागतं, म्हणून दीड मिमी धरा.