काल रात्री काय जेवलात? : तांबडा-पांढरा, घरचा आणि हॉटेलचा

रश्शाची_वाटी
रविवारचं ताट: बोकडाचं सुकं, तांबडा, पांढरा, ज्वारीची भाकरी, दह्यातला कांदा, शेवटी भात. त्याच आठवड्यात कोल्हापुरात एका हॉटेलची मटण थाळीही झाली, त्यामुळे तुलना आलीच. सुकं घरचं उजवं. रस्से मात्र त्यांचे. पांढरा पातळ, जिभेला कुठे रवाळ लागत नाही, आणि रात्री उशिरापर्यंत गरम राहूनही एकजीव. घरी केलेला दाट होतो आणि दुसऱ्यांदा गरम केला की कडेला कणी धरतो. नारळ, काजू, तीळ, खसखस सगळं वाटणात आहे. तांबड्याला पाऊण वाटी तेल घालूनही कट वर येत नाही. १ किलो मटणाचं प्रमाण आणि क्रम कुणी नीट सांगेल का?

पाटावरवंटा
पांढऱ्याचं निम्मं काम अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, होतं. १ किलो हाडासकट मटण, दीड लिटर पाणी, दोन चमचे आलं-लसूण वाटण, दीड चमचा मीठ. हळद अजिबात नको, नाहीतर रस्सा पिवळट होतो. हळद नंतर सुक्यात घाला. कुकरची एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग बारीक गॅसवर २० ते २५ मिनिटं. अळणी गाळून दोन्ही रश्श्यांसाठी निम्मं निम्मं करा.

पांढऱ्याचं वाटण: पॉलिशचे तीळ २ मोठे चमचे, खसखस १ मोठा चमचा, काजू ८. तीळ भाजू नका, रंग जातो. खसखस कोमट पाण्यात दोन तास भिजलीच पाहिजे. कोरडी मिक्सरला लावली की भांड्यात नुसती फिरते, वाटली जात नाही. रवाळपणा तिथून येतो. वाटून झालं की वाटण गाळणीतून काढा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

एका नारळाचं दूध दोनदा काढा. पहिलं घट्ट, साधारण एक वाटी, बाजूला ठेवा. दुसरं पातळ, दीड वाटी.

दोन चमचे तुपात दालचिनीचा तुकडा, ४ लवंगा, ३ हिरवे वेलदोडे, ८-१० मिरी, तमालपत्र आणि उभ्या चिरलेल्या ३-४ हिरव्या मिरच्या. त्यावर वाटण, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं, रंग न बदलता. मग गरम अळणी आणि पातळ दूध, एक उकळी. गॅस अगदी बारीक करून घट्ट दूध, आणि वाफा यायला लागल्या की बंद. घट्ट दूध घातल्यावर उकळी आणायची नाही. नारळाच्या दुधातली प्रथिनं साधारण ८० अंशांच्या पुढे आवळतात आणि स्निग्धांश सोडून देतात, तीच तुमची कणी. दही घालणारे असतात. आंबटपणामुळे हे आणखी लवकर होतं.

गंगावेस
वरच्या प्रमाणात ८ काजूही मला जास्तच वाटतात. घरी दाट होतो तो काजूमुळेच. पांढरा प्यायचा असतो, त्यात भाकरी उभी राहायला नको. ४ काजू पुरे, तेही फक्त एकजीव राहण्यापुरते. आणि हॉटेलच्या प्रत्येक वाटीवर भाळू नका, काही ठिकाणी कॉर्नफ्लोअर लावतात. तो रस्सा कितीही तापवला तरी फुटत नाही, पण गार झाला की चिकट होतो.

आता तांबडा. कट न येण्याची कारणं तेलात कमी आणि वाटणात जास्त असतात. खोबरं जास्त झालं की वाटणच तेल धरून ठेवतं. अर्ध्या अळणीला पाव वाटी किसलेलं सुकं खोबरं, एक मध्यम कांदा, एक चमचा तीळ, ६-७ लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, मूठभर कोथिंबीर. खोबरं आणि कांदा चांगले तांबूस भाजा, पण काळे नकोत, रस्सा कडवट होतो.

अर्धी वाटी तेल तापवून वाटण कडेनं तेल सुटेपर्यंत परता, दहा मिनिटं तरी लागतात. इथे घाई केली तर पुढे काही केलं तरी कट येत नाही. मग गॅस बंद करून अडीच ते तीन मोठे चमचे कांदा-लसूण चटणी घाला आणि लगेच पळीभर अळणी. पेटत्या तेलात चटणी टाकली की पाच सेकंदांत करपते, रंग विटकरी होतो. उरलेली अळणी कडकडीत गरमच ओता. झाकण न ठेवता मंद आचेवर १५ मिनिटं. खळाखळा उकळलं तर तेल रश्श्यात फेटलं जातं आणि वर येतच नाही. गॅस बंद करून दहा मिनिटं हात लावू नका.

नुसत्या तिखटावर करणार असाल तर ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, दोन भागांस एक.

दूरदेशीचा_तवा
भारताबाहेरच्यांसाठी: डब्यातल्या नारळाच्या दुधात बहुतेक वेळा गवार गम असतो. ते सहसा फुटत नाही, पण रस्सा दाट करतं. ४०० मिलीच्या डब्यातलं १५० मिली, त्यात तेवढंच गरम पाणी, आणि काजू बंद. बोकड न मिळाल्यास लॅम्ब चालतं, मात्र चरबी फार. अळणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वरची गोठलेली चकती काढून टाका, नाहीतर पांढऱ्यावर तिचा तवंग येतो आणि टाळूला चिकटतो.

रश्शाची_वाटी
सगळ्यांना धन्यवाद. काजू मूठभर जायचे आणि चटणी पेटत्या गॅसवरच, दोन्ही उलगडा झाला. पाहुणे टप्प्याटप्प्यानं जेवायला बसणार असतील तर पांढरा गरम कसा ठेवायचा?

पाटावरवंटा
घट्ट दूध सगळं एकदम घालू नका. अळणी, वाटण आणि पातळ दूध यांचा रस्सा उकळून तयार ठेवा, तो परत परत तापवला तरी चालतो. पंगत बसायच्या आधी लागेल तेवढा वेगळ्या पातेल्यात काढून दर दोन वाट्यांना तीन-चार चमचे घट्ट दूध. ते पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवा, थेट गॅसवर नको. मीठ दूध घातल्यावर परत चाखा, नारळानं ते दबतं.

गंगावेस, ४ काजूंवर खसखस दीड चमचा करावी लागेल, नाहीतर साका खाली बसतो.

गंगावेस
बसू दे. वाढताना पळी तळापासून फिरवायची.