प्रतिसाद : बेळगावात पकडलेली कुत्री खानापूरच्या जंगलात सोडायची का?

वर एका भावानं लिहिलंय, 'पालिका कुत्री नेते आणि नसबंदी करून परत आमच्याच गल्लीत आणून सोडते. त्यापेक्षा खानापूरच्या जंगलात सोडा.' राग समजतो, पण परत तिथंच सोडणं हा 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांचाच भाग आहे. जागा रिकामी झाली की शेजारची, नसबंदी न झालेली कुत्री तिथं शिरतात आणि वर्षभरात पिल्लांची फौज तयार. अपवाद रेबीज झालेल्या किंवा फारच अंगावर येणाऱ्या कुत्र्यांचा. शाळा, दवाखाने, बसस्टँड यांच्या आवारातून पकडलेली मात्र परत तिथं सोडायची नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितलंय. म्हणजे कायमचं निवारा केंद्र लागणारच, आणि रोजच्या खाण्याचा खर्चही.

खानापूरचं म्हणाल तर तिकडं भीमगड अभयारण्य आहे, तिथं रानकुत्री आहेत. गावठी कुत्र्यांचा डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग, त्यांच्यात गेला तर संपलंच की ओ.

आपल्याकडची खरी गोची हद्दीची. कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, हिंडलगा-कंग्राळीत ग्रामपंचायत, मधे महानगरपालिका. कुत्र्याला हद्द कुठली माहीत असणार! तिघांनी एकाच वेळी मोहीम घेतली तरच उपयोग. वॉर्डातल्या नगरसेवकाकडं हे लेखी मागा. अर्जात गल्ली, कुत्र्यांची अंदाजे संख्या आणि कान कातरलेली किती ते लिहा; कातरलेला कान म्हणजे नसबंदी झालेली. पोचपावती घेतल्याशिवाय हलू नका.